नारिंगी शाई पेनात भरायची आहे? शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ, एवढा वेळ काढा

गेल्या दोन-तीन महिन्यांत मला एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकू येऊन राहिली आहे. कोणी नारिंगी घेतली, कोणी गुलाबी, एकानं ती पोपटी घेतली जी बघितल्यावरच डोळे दिपतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं सेम, बाटलीत मस्त होती, पेनातून भलतीच निघाली. एक मित्र तर बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, बाटली घेऊन थेट माझ्याकडे आला, वही उघडून म्हणे "हे बघ बे, संत्रा म्हणून घेतली, चहाचा डाग निघून राहिला." मी त्याच्या निबच्या टोकाला टिश्यू पेपर टेकवला. डाग पसरला, मध्ये निळा ठिपका आणि भोवती मळकट नारिंगी कडं. पेन नळाखाली दोनदा धरला होता, यालाच तो "धुतला" म्हणत होता. शाईचा काही दोष नव्हता.

काळी-निळी शाई चुका लपवते. आधीच्या शाईचा थेंब राहिला, कागद थोडा दमट होता, निब जरा कमी शाई सोडते, निळ्यात काही कळत नाही. भडक आणि फिक्या रंगात मात्र सगळं उघडं पडतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि दोन रात्री जाऊ द्याव्या लागतात, एक पेन सुकायला आणि एक टोपण लावून पेन ठेवायला. शुक्रवारी रात्री सुरुवात केली तर रविवारी सकाळी खरं काय ते कळतं.

१. आधी बाटली नीट वाचा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. स्टेशनरीच्या दुकानात एकाच फळीवर छोट्या रंगीत बाटल्या असतात, त्यातल्या काही शाईपेनच्या नसतातच. लेबलवर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, इंडियन इंक, कॅलिग्राफी इंक, अ‍ॅक्रिलिक इंक किंवा स्टॅम्प पॅड इंक असं काही लिहिलं असेल तर ती बाटली परत ठेवा. ड्रॉइंग इंकमध्ये बऱ्याचदा शेलॅक म्हणजे लाख असते, ती निबखालच्या जिभेच्या बारीक खाचांत वाळली की पाण्यानं निघत नाही, पेन गेला समजा. लेबलवर "फाउंटन पेन इंक" असे शब्द पाहिजेत, बस. प्रिंटरची रिफिल शाई, पाण्यात कालवलेला पोस्टर कलर, होळीचा उरलेला रंग, हे प्रयोग ऐकून झाले आहेत माझे, कृपया नको.

चमकी असलेली शाई (ज्यात सोनेरी-चंदेरी कण तळाशी बसतात) पहिल्यांदा घेऊ नका, कण जिभेत अडकतात आणि धुताना जीव जातो. पहिल्यांदा साधी डायवाली (म्हणजे पाण्यात रंग पूर्ण विरघळलेली) शाई घ्या. कॅमलिन, ब्रिल, डेटोन, सुलेखा, केरळची कृष्णा, बाहेरच्यांपैकी डायमाइन किंवा पायलटची इरोशिझुकू, बजेट असेल तसं. इरोशिझुकूच्या नारिंग्यांत यू-याके म्हणजे संध्याकाळच्या आकाशाचा रंग आणि फुयु-गाकी म्हणजे हिवाळी पर्सिमन फळाचा.

चेक: बाटली उजेडात धरून हळू तिरकी करा. वर साय, तळाशी दोरे, किंवा झाकण उघडल्यावर कुबट वास आला तर बुरशी आहे. अशी शाई गाळून वगैरे वापरायची नाही, फेकायची. आणि ज्या पेनात ती गेली तो पेनही धुवायचा, नाही तर पुढच्या बाटलीत तीच बुरशी जाते.

२. पेन कोणता घ्यायचा

आजोबांचा पेन नाही, पारदर्शक पेन नाही, ड्रॉपरनं पूर्ण टाकी भरायचा मोठा पेनही नाही. गुलाबी आणि काही जांभळ्या-निळ्या शाया पारदर्शक प्लॅस्टिकवर कायमचा डाग सोडतात, मग आयुष्यभर पेन लाजल्यासारखा दिसतो. काडतूस (तयार शाईची नळी) किंवा कन्व्हर्टरवाला (म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणारी, काढता येणारी छोटी टाकी), निब-जीभ सहज बाहेर निघणारा स्वस्त पेन बेस्ट. उघडून साफ करता येतो आणि बिघडला तरी रडू येत नाही.

निब मीडियम किंवा ब्रॉड. लोक हे ऐकत नाहीत. फिकी नारिंगी किंवा पिवळी फाइन निबमधून आली की रेघ इतकी पातळ येते की ट्यूबलाइटखाली अक्षर वाचता येत नाही, मग म्हणतात शाई भंकस आहे. जपानी कंपन्यांची फाइन तर युरोपियन फाइनपेक्षाही साधारण बारीकच असते. तुमच्याकडे फक्त फाइन असेल तर गडद नारिंगी घ्या, लिंबू पिवळी सोडून द्या.

३. शुक्रवार रात्र: पेन खरोखर धुणे

एका जुन्या गंजात (पातेल्यात) पाणी घ्या, पांढऱ्या बेसिनमध्ये हे काम करू नका, घरचे बोलतील. पाणी साधं, थंड. उन्हाळ्यात नागपुरात दुपारी टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा ते वापरायचं नाही, गरम पाण्यानं जीभ वाकडी होऊ शकते आणि एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनाचा रंग उतरतो. सकाळचं पाणी बादलीत भरून ठेवा.

कन्व्हर्टर लावून पाणी ओढा, सोडा, ओढा, सोडा, वीसेक वेळा. मग कन्व्हर्टर काढून निबच्या मागच्या बाजूनं रबरी पिचकारीनं (कान धुवायची मेडिकलमध्ये मिळते ती) पाणी मारा, याच्यानं दहा मिनिटांचं काम एका मिनिटात होतं. आधीची शाई जुनी, सुकलेली असेल तर ग्लासभर पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकून निब रात्रभर नाही तर निदान दोन तास बुडवून ठेवा आणि नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यानं धुवा. साबण राहिला तर शाई कागदावर पसरते आणि परत दोष शाईला.

शेवटचं पाणी बोअरचं नको. बोअरच्या पाण्यातला क्षार वाळून खाचेत बसतो. आरओचं चालेल, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणखी चांगलं.

सावधान: स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, यातलं काही पेनाला लावू नका, प्लॅस्टिक तडकतं किंवा विरघळतं. आणि कुठे वाचून अमोनिया आणि ब्लीच दोन्ही आणून एकत्र कराल तर त्यातून विषारी वायू निघतो. पेन मरू दे, तुम्ही जिवंत राहा.

चेक: निब टिश्यूत गुंडाळून पाच मिनिटं ठेवा. टिश्यूवर निळसर सावली जरी आली तरी परत धुवा. मित्राच्या पेनाला सहा फेऱ्या लागल्या, मोजल्या आहेत.

मग थर्मामीटर झटकतो तसा निबचा भाग टिश्यूत धरून झटका आणि निब खाली करून ग्लासात टिश्यूवर उभा ठेवा. मे महिन्यात दोन-तीन तासांत सुकतो, जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण रात्र लागते, कधी दीड दिवस. उन्हात वाळवायला ठेवू नका. आत पाणी राहिलं तर पहिली दोन पानं फिकी येतात, ही दुसरी सगळ्यात कॉमन तक्रार.

४. शनिवार सकाळ: पेनाशिवाय टेस्ट

पेन सुकत असताना शाई कागदावर बघून घ्या. कापसाची काडी (कान साफ करायची) शाईत बुडवून एक पट्टा ओढा, त्याच्या अर्ध्या भागावर परत दुसरा हात द्या. शेजारी टूथपिकनं चार शब्द लिहा. काचेचा डिप पेन असेल तर क्या बात.

पट्टा गडद दिसतो आणि टूथपिकची रेघ फिकी दिसते. तुमच्या पेनातून येणारा रंग या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार, तेवढंच यातून घ्यायचं. पट्ट्याचा फोटो बघून शाई विकत घेतात लोक आणि फाइन निबमधून तोच रंग पाहिजे म्हणतात.

पूर्ण सुकू द्या, पाच-दहा मिनिटं, ओली आणि सुकलेली शाई वेगळी दिसते. बघायचं खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली प्रत्येक नारिंगी सुंदर दिसते. मोबाइलचा फोटो तर विसराच, कॅमेरा स्वतःच्या मनानं रंग बदलतो.

कागद निदान तीन घ्या, रोजची वही, झेरॉक्सचा कागद आणि एक जरा बरा कागद. जाडीवरून कागद चांगला ठरत नाही. जपानचा टोमोए रिव्हर कागद फक्त 52 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 52 ग्रॅम), पतंगाच्या कागदासारखा हाताला लागतो, तरी त्यावर शाई फुटत नाही, आणि आपल्याकडे 100 जीएसएमच्या जाड वह्या आहेत ज्यांवर अक्षराला मिशा फुटतात. फरक कागदाला दिलेल्या खळीचा असतो, म्हणजे सायझिंगचा.

नागपूरकरांसाठी खास: कूलर चालू असलेल्या खोलीत टेस्ट करू नका. खसमधून येणारी हवा दमट असते, वही रात्रभर कूलरसमोर उघडी पडली असेल तर सकाळी पान हाताला मऊ लागतं आणि मग कुठलीही शाई त्यावर पसरते. मी स्वतः एक गुलाबी शाई यामुळे नापास केली होती, वर्षभर कपाटात पडून होती, डिसेंबरमध्ये सहज त्याच वहीवर लिहिलं तर चकाचक. वही कपाटातून काढा, कूलर बंद करा, अर्धा तास घामात बसा.

५. शाई भरणे

बाटलीत थेट निब बुडवायची सवय मोडा. एखाद्या औषधाच्या स्वच्छ, कोरड्या टोपणात ड्रॉपरनं थोडी शाई काढा आणि तिथून भरा. अर्धा मिली पुरे, तेवढ्यात कितीतरी पानं होतात. टोपणात उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही, तिच्यात पेनातलं जुनं काहीतरी गेलेलं असतं.

कन्व्हर्टर भरला की उलटा फिरवून दोन-तीन थेंब बाहेर पडू द्या, मग थोडी हवा आत ओढा आणि निब टिश्यूनं पुसा, वरून आणि जिभेखालूनही. हे केलं नाही तर जीभ शाईनं तुडुंब असते, पहिलं अर्धं पान गडद आणि ओलं येतं आणि लोक खुश होऊन निकाल देऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी तोच पेन फिका लिहायला लागला की परत फोन.

सावधान: दोन शाया एकमेकांत मिसळू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. काहींचा स्वभाव आम्ल, काहींचा अल्कली, एकत्र आल्या की गाळ धरू शकतो, आणि तो पेनाच्या आत धरला की बसा मग.

६. पहिलं पान

पानाच्या डोक्यावर तारीख, शाई, पेन, निब, कागद एवढं लिहा, तेही त्याच शाईनं. नंतर पाच बाटल्या झाल्या की कुठली कुठली होती आठवत नाही.

पहिल्या पाच-सहा ओळी मोजायच्याच नाहीत. राहिलेलं पाणी, भरतानाची जास्तीची शाई, सगळं त्यात निघून जातं. अर्ध्या पानानंतर जो रंग येतो तो खरा.

आणि वेटोळी, आठचे आकडे काढत बसू नका, देवनागरी लिहा. परदेशातले लोक इंग्रजीत टेस्ट करतात, आपलं काम वेगळं आहे, आपल्याला शिरोरेघ असते. शब्द लिहून झाला की आपण त्या ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून निब परत फिरवतो. शाई फार ओली असेल तर रेघ जिथे कान्याला भेटते तिथे छोटे गडद ठिपके पडतात, कागद मऊ असेल तर निब तिथलं ओलं सूत उचलते आणि पुढची अक्षरं जाड, घाणेरडी यायला लागतात. एखाद्या शाईत हेच सुंदर दिसतं, रेघेच्या सुरुवातीला फिका संत्रा आणि शेवटी विटकरी, यालाच शेडिंग म्हणतात आणि नारिंगी शाई घ्यायचं निम्मं कारण तेच.

माझे ठरलेले शब्द आहेत, धबधबा, भरभराट, क्षमा, कर्तृत्व, ज्ञानेश्वरी. ध आणि भ यांच्या गाठी, क्ष चं पोट, रफार आणि त्याखालचं सगळं. शाई पसरत असेल तर गाठी बुजतात, ध चा घ होतो. गाठ उघडी राहिली तर कागद-शाई-निब तिघांचं जमलं.

मग सुकण्याचा वेळ. एक-एक लहान रेघ ओढा आणि 5, 10, 20 आणि 30 सेकंदांनी वेगवेगळ्या रेघेवर बोट फिरवा. भडक शायांत रंग भरपूर असतो, बऱ्याच उशिरा सुकतात. 30 लाही फासत असेल तर ती रोजच्या वहीसाठी नाही, डावखुऱ्यांसाठी तर अजिबातच नाही.

सुकलेल्या ओळीवर पाण्याचा एक थेंब टाका, एक मिनिट थांबा, टिपकागदानं टिपा. बहुतेक भडक शाया पूर्ण वाहून जातात, यात नाराज व्हायचं नाही, फक्त माहीत असलं पाहिजे. चेक, अर्ज, पाकिटावरचा पत्ता, पोरांची परीक्षा, इथे ही शाई न्यायची नाही एवढं त्यावरून ठरवा.

७. रविवार सकाळ: टोपण काढल्यावर

शनिवारी रात्री टोपण घट्ट लावून पेन टेबलवर आडवा ठेवा. सकाळी उघडा, झटकू नका, निब पुसू नका, सरळ लिहा. पहिल्या अक्षरापासून चाललं तर उत्तम. दोन-तीन रेघा कोऱ्या गेल्या किंवा पहिला शब्द गडद विटकरी येऊन मग नारिंगी झाला, तर टोपण हवा सोडतंय, पाणी उडून शाई घट्ट झाली आहे. उन्हाळ्यात नागपुरात हे जोरात होतं. तोच पेन श्रावणात व्यवस्थित चालेल.

निबवर वरच्या बाजूनं शाईचा पातळ थर चढलेला दिसला तर घाबरू नका, त्यानं काही बिघडत नाही, पुसून टाका. खाचेभोवती खरखरीत खपली जमली असेल तर ओल्या कपड्यानं पुसा, आणि अशी खपली रोज धरत असेल तर ही शाई फक्त त्या पेनात भरा जो तुम्ही रोज वापरता. काही नारिंग्या आणि लाल शाया याबाबतीत हट्टीच असतात.

उन्हात रंग किती टिकतो हे पण बघायचं असेल तर त्याच पानाची एक पट्टी कापा, अर्धी पुठ्ठ्यानं झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीला दोन आठवडे चिकटवून ठेवा. गुलाबी, जांभळ्या पट्टीची झाकलेली आणि उघडी बाजू वेगवेगळ्या बाटल्यांतली वाटते.

८. पुढचे दिवस

आठवडाभरात शाई संपवा, फार तर दोन आठवडे. एप्रिल-मे मध्ये लिहिणं होत नसेल तर चार दिवसांतच धुवून ठेवा. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान होतं, असल्या दिवसांत शर्टच्या खिशात अर्धा भरलेला पेन घेऊन फिरणं म्हणजे शर्टशी वैर. आतली हवा गरम होऊन फुगते आणि शाईला निबमधून बाहेर ढकलते. पेन पूर्ण भरलेला असला की आत हवा कमी, ढकलणारं कोणी नाही, अर्धा-पाव असला की गळतो. निब वर करून ठेवा, स्कूटीच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये ठेवू नका.

शर्टला लागलीच तर चोळू नका, गरम पाणी नको, डाग जाईपर्यंत इस्त्री नको. खाली टिश्यू ठेवून वरून थंड पाणी आणि टिपत राहा. बोटांना लागली तर दोन दिवस राहील, ऑफिसमध्ये विचारतील, सांगा संत्री सोलली.

९. परत धुताना

रंग बदलायच्या आधी तिसरी पायरी पुन्हा, फक्त क्रमाकडे लक्ष द्या. नारिंगीनंतर लाल किंवा तपकिरी भरली तर एखादा थेंब राहिलेला खपून जातो. नारिंगीनंतर फिरोजी भरायची असेल तर टिश्यू पूर्ण पांढरा निघेपर्यंत सोडू नका. उलट फिरोजीनंतर नारिंगी भरणं सगळ्यात अवघड, बऱ्याच फिरोजी शाया जिभेला चिकटून बसतात आणि पाच धुण्यांनंतरही सकाळी टिश्यूवर हिरवट येतं. मी त्यासाठी एक वेगळा पेनच ठेवला आहे, ऐंशी रुपयांचा, त्याच्या टोपणावर बिंदी चिकटवली आहे म्हणजे घाईत चुकून दुसरी शाई जात नाही.

माझ्या मित्रानं परवा परत त्याच वहीवर लिहून दाखवलं. चहाच्या डागाखालीच, त्याच ओळीत. ध ची गाठ उघडी होती, रेघेचं टोक विटकरी. आता त्याला पोपटी भरायची आहे, त्याच पेनात, आज रात्रीच. टिश्यूचा डबा देऊन पाठवला आहे.